'राजा हरिश्चंद्र' चित्रपटाच्या उपलब्ध प्रतीचा पाठविचार

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' म्हणून जो त्रुटित मूकपट आज दाखविला जातो, तो इ. स. १९१३ सालचा मूळ चित्रपट होय, किंवा त्याच आख्यानावर फाळक्यांनीं १९१७ सालीं पुनश्च तयार केलेला दुसरा चित्रपट होय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. ताम्रपट, सनदा, महजर व बखरी यांच्या संगतींत वाढलेल्या वाचकांस हा विषय आपल्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. त्यांस आमची विनंति एवढीच कीं, वस्तूचें नांव क्षणभर बाजूस ठेवून तिचें वर्णन तेवढें ऐकावें. शंभराहून अधिक वर्षांची जुनी वस्तु, कर्ता ज्ञात, आरंभींचा व शेवटचा भाग शिल्लक, मधला सर्व गळालेला, कालाविषयीं वाद, आणि त्याच कर्त्यानें त्याच विषयावर चार वर्षांच्या अंतरानें दोनदां रचना केल्याचें निश्चित. अशी पोथी कोणाच्या माळ्यावर सांपडली असती, तर आपल्यांतील कोण तिच्यासाठीं पायपीट करण्यास मागें राहिला असता?

'चित्रपट' हा शब्दहि आपणांस नवा नाहीं. पटावर चित्रें काढून तीं लोकांपुढें धरून कथा सांगणारा मनुष्य संस्कृत वाङ्मयांत भेटतो. विशाखदत्ताच्या मुद्राराक्षसांत चाणक्याचा हेर निपुणक यमपट घेऊन घरोघर हिंडतो; आणि बाणाच्या हर्षचरितांत बाजाराच्या रस्त्यावर पोरांच्या गराड्यांत उभा राहून, परलोकाचीं चित्रें काठीनें दाखविणारा यमपट्टिक हर्षाच्या दृष्टीस पडतो. आपल्याकडे कुडाळनजीकच्या पिंगुळी गांवचे चित्रकथी कागदावरील चित्रांची पोथी पुढें धरून रामायण-महाभारतांतील आख्यानें सांगत आले. फाळक्यांनीं 'नवयुग' मासिकांत १९१७-१८ सालीं आपली हकीकत लिहिली, तिला 'भारतीय चित्रपट' हेंच नांव दिलें. शास्त्र्याच्या घरांत वाढलेल्या मनुष्यास हा शब्द कोठून उसना आणण्याचें कारण नव्हतें.

फाळके यांचें चरित्र बहुतेकांस ठाऊक आहे. त्यांतील प्रतीच्या विचारास उपयोगी तेवढाच भाग येथें घेतों. जन्म त्र्यंबकेश्वरीं, ३० एप्रिल १८७०. वडील दाजीशास्त्री संस्कृताचे पंडित. पुढें मुंबईच्या विल्सन कॉलेजांत अध्यापक झाले. मुलगा मात्र १८८५ सालीं जे. जे. कलाशाळेंत व नंतर बडोद्याच्या कलाभवनांत गेला. त्यानें गोध्र्यास छायाचित्रकाराचा धंदा केला, सरकारी पुराणवस्तु खात्यांत छायाचित्रकार व नकाशे-आराखडे काढणारा म्हणून नोकरी केली, ती सोडल्यावर लोणावळ्यास रविवर्म्याच्या छापखान्याचें काम केलें, स्वतःचा ठसे व छपाईचा कारखाना काढला आणि १९०९ सालीं रंगीत छपाईचीं यंत्रें पाहण्यास जर्मनी गांठली. चरित्रकार या यादीकडे स्थिरता न लाभलेल्या माणसाची धडपड म्हणून पाहतात. आम्हांस ती तशी दिसत नाहीं. हे सारे धंदे एका जातीचे आहेत: मूळ वस्तूची हुबेहूब प्रत काढणें, आणि एकीच्या हजार प्रती करून त्या घरोघर पोहोंचविणें. पुराणवस्तु खात्यांतल्या माणसास मूळ व प्रत यांतील भेद शिकवावा लागत नाहीं. त्याच माणसाच्या कृतीच्या बाबतींत आपण तो भेद विसरलों, ही गोष्ट आम्हांस चमत्कारिक वाटते.

ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून फाळक्यांच्या मनांत कृष्णचरित्र उभें राहिलें, पुढें अतिश्रमानें त्यांची दृष्टि कांहीं काळ अधू झाली, विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या आरंभीं ते लंडनास गेले व तेथून यंत्रसामग्री घेऊन परतले, हा भाग सर्वश्रुत आहे. कोऱ्या फितीस भोकें पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचें घरांतील काम सरस्वतीबाई फाळके यांनीं उचललें. पोथीच्या पुष्पिकेंत लेखनिकाचें नांव असतें. या पोथीच्या लेखनिकेचें नांव आपण निदान येथें तरी नोंदून ठेवूं.

आतां १९१३ च्या चित्रपटाविषयीं निश्चित माहिती. दादर येथें चित्रण झालें. छायाचित्रण त्र्यंबक तेलंग यांचें. हरिश्चंद्र दत्तात्रय दामोदर दाबके, तारामती अण्णा साळुंके, आणि रोहिदास फाळके यांचा मुलगा भालचंद्र. निवडक मंडळींसाठीं २१ एप्रिल १९१३ रोजीं ग्रँट रोडच्या ऑलिंपिया नाट्यगृहांत आणि सर्वांसाठीं ३ मे १९१३ पासून गिरगांवांतील कॉरोनेशनमध्यें खेळ झाला. लांबी ३,७०० फूट, चार रिळें. याच्या आदल्या वर्षीं, १८ मे १९१२ रोजीं, त्याच कॉरोनेशनमध्यें दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' दाखविला गेला होता. आद्यत्वाचा मान कोणाचा, या वादांत शिरण्याची आमची इच्छा नाहीं. आद्यत्वाचे वाद बहुधा पुराव्यापेक्षां अभिमानावर अधिक चालतात.

लांबीच्या आकड्याची एक मौजेची पडताळणी मात्र करतां येते. हा चित्रपट गांवोगांव नेतांना जी जाहिरात झाली, तींत सत्तावन हजार छायाचित्रें व दोन मैल लांबीचें चित्र अवघ्या तीन आण्यांत, असा मजकूर होता. फितीच्या एका फुटांत सोळा चित्रें बसतात. त्या हिशेबानें ३,७०० फुटांत ५९,२०० चित्रें होतात. आरंभींच्या कोऱ्या फितीसाठीं व इतर तुटीसाठीं थोडी वजावट धरली, कीं सत्तावन हजारांचा आकडा जवळजवळ बरोबर ठरतो. दोन मैल म्हणजे मात्र १०,५६० फूट. प्रत्यक्ष फीत पाऊण मैलहि भरत नाहीं. तेव्हां जाहिरातींतला पहिला आकडा दफ्तराच्या जातीचा आणि दुसरा बखरीच्या जातीचा, असें समजावें. एकाच ओळींत दोन्ही जाती नांदूं शकतात, हा अनुभव जुने कागद वाचणारांस आहेच.

पहिल्या चित्रपटानंतर फाळके नाशिकास गेले. 'मोहिनी भस्मासुर' व 'सत्यवान सावित्री' हे चित्रपट त्यांनीं तेथें काढले. पुढें महायुद्धाच्या काळांत पैसा व कोरी फीत या दोहोंची ओढाताण झाली. आणि १९१७ सालीं त्यांनीं हरिश्चंद्राचें आख्यान पुनः हातीं घेतलें. या दुसऱ्या चित्रपटाचें नांव 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र'. लांबी २,९४४ फूट, रिळें तीन. त्याच वर्षींच्या एप्रिलांत पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहांत तो दाखविण्यांत आला. त्यानंतर तीनच महिन्यांनीं, ६ जुलै १९१७ रोजीं, त्याच पुण्यांत भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली, आणि तेथें पुढें महाभारताच्या शेंकडों पोथ्या ताडून पाहण्याचें प्रचंड काम सुरू होऊन १९६६ पर्यंत चाललें. एकाच शहरांत, एकाच वर्षीं, एका पुराणकथेची दुसरी वाचना लोकांपुढें आली आणि वाचना तपासण्याचें शास्त्र शिकविणारी संस्थाहि उभी राहिली. दोहोंची गांठ पडली नाहीं, ती आजतागायत पडलेली नाहीं.

उपलब्ध प्रत म्हणजे पहिलें रीळ आणि शेवटचें रीळ. एकूण लांबी १,४७५ फूट. ती पुणें येथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें जतन केली आहे. सेकंदास सोळा चित्रें ही मूकपटाची नेहमींची गति धरल्यास पंचवीस मिनिटांच्या आंत ती संपते. पुष्कळ वर्षें ती १९१३ ची म्हणून दाखविली गेली, आणि २०१३ सालच्या शतसांवत्सरिक समारंभांतहि तींतलीं चित्रें आद्य चित्रपटाचीं म्हणूनच सर्वत्र छापलीं गेलीं. मूकपटांचे अलीकडील कित्येक अभ्यासक मात्र ती १९१७ ची मानण्याकडे झुकले आहेत.

प्रथम मापाचा पुरावा घेऊं. रिळें सारख्या लांबीचीं धरल्यास १९१३ चें एक रीळ ९२५ फुटांचें व १९१७ चें ९८१ फुटांचें पडतें. म्हणजे दोन रिळें पहिल्या पक्षीं १,८५० फूट आणि दुसऱ्या पक्षीं १,९६२ फूट भरावयास हवींत. उपलब्ध माप दोहोंहूनहि बरेंच कमी आहे. यावरून इतकेंच अनुमान निघतें कीं, जीं दोन रिळें राहिलीं तींहि अखंड राहिलेलीं नाहींत. १,४७५ हा आकडा २,९४४ च्या जवळजवळ निम्मा येतो, यावर कोणी भिस्त ठेवूं पाहील, तर त्यानें ती ठेवूं नये. तीन रिळांपैकीं दोन रिळें निम्मीं होत नाहींत. मापावरून काल ठरत नाहीं.

दुसरा पुरावा वेषाचा. उपलब्ध भागांत राणी व तिच्या सख्या सर्व पुरुषनट आहेत; राजवाड्यांतील जलक्रीडेच्या प्रवेशांत तर भिजलेल्या लुगड्यांमुळें हें लपत नाहीं. स्त्रीभूमिकांस स्त्रिया मिळत नव्हत्या तो काळ १९१३ चा, 'मोहिनी भस्मासुरां'त दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनीं काम केल्यावर ती अडचण संपली, सबब उपलब्ध प्रत १९१३ ची, असा युक्तिवाद करतां येईल. दिसण्यांत तो भक्कम आहे. परंतु टिकत नाहीं. कारण १९१७ च्याच 'लंकादहना'त अण्णा साळुंके यांनीं राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या आहेत. ज्या वर्षीं साळुंके सीता होऊं शकतात, त्या वर्षीं राणीच्या सख्या पुरुष असण्यास कोणतीच हरकत नाहीं. तात्पर्य, हाहि पुरावा दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

राहिला तो प्रतींच्या स्वाभाविक आयुष्याचा न्याय, आणि आमच्या मतें भर याच्यावर द्यावा. पोथी वाचल्यानें झिजते, तशी फीत दाखविल्यानें झिजते. फरक इतकाच कीं पोथी पिढ्यान्‌पिढ्या झिजते आणि फीत एका हंगामांत. सबंध चित्रपटाची चांगली प्रत हातीं असतां, पैशाची टंचाई असलेला मनुष्य तेंच आख्यान पुनः खर्च करून रंगविणार नाहीं. मूळ प्रत नष्ट झाल्यामुळेंच फाळक्यांस हा चित्रपट पुनः काढावा लागला, अशी परंपरागत हकीकत आहे, आणि ती या न्यायास धरून आहे. १९१७ सालींच जी प्रत कर्त्याजवळ धड नव्हती, तिचीं दोन रिळें अर्धशतकानंतर संग्रहालयांत यावीं आणि त्याच कर्त्याच्या नव्या प्रतीचा मात्र एक तुकडाहि उरूं नये, असें मानण्यास स्वतंत्र पुरावा पाहिजे. तो आजवर पुढें आलेला नाहीं. म्हणून उपलब्ध प्रत १९१७ च्या पाठाची धरावी, आणि यापुढें तिचा उल्लेख 'हरिश्चंद्र, द्वितीय पाठ, त्रुटित' असा करावा, असें आमचें मत आहे.

या मताची किंमत मोठी आहे, हें आम्ही जाणून आहों. तें स्वीकारलें म्हणजे १९१३ च्या चित्रपटाचें एकहि हलतें चित्र आज पाहावयास मिळत नाहीं, हें कबूल करावें लागतें. उपलब्ध प्रत पाहून 'पहिल्याच प्रयत्नांत केवढें हें कौशल्य' असे जे उद्गार निघतात, तेहि मागें घ्यावे लागतात. कारण तो हात नवशिक्याचा नसून चार वर्षें या विद्येंत घासलेल्या माणसाचा आहे. पण याचीच दुसरी बाजू अशी कीं, कर्त्यानें स्वतः दुरुस्त केलेला पाठ हातीं लागणें हें दुर्मिळ भाग्य आहे. कोणत्या कवीनें आपलें आख्यान चार वर्षांनीं पुनः लिहिलें, आणि कोणता पाठ कोणता हें सांगतां येतें? जुन्या आख्यानकवींत असा प्रसंग आम्हांस तरी आढळला नाहीं.

आतां आख्यानाच्या अंगानें त्या रिळांकडे पाहूं. हरिश्चंद्राची कथा एक नव्हे. ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेंतला हरिश्चंद्र सत्यवादी तर नाहींच, उलट वायदे पुढें ढकलणारा ऋणको आहे. शंभर स्त्रिया असून त्यास पुत्र नाहीं. पुत्र झाल्यास तुलाच अर्पण करीन असें तो वरुणास वचन देतो, आणि रोहित जन्मल्यावर दहा दिवस होऊं देत, दांत येऊं देत, दांत पडूं देत, शस्त्र धरण्याजोगा होऊं दे, अशा सबबी सांगत राहतो. पुत्र अरण्यांत पळतो, बापास जलोदर होतो, आणि अखेरीस अजीगर्ताचा मधला मुलगा शुनःशेप शंभर गाईंस विकत घेऊन बळीच्या यूपास बांधला जातो. हें आख्यान राजसूयांत राजास ऐकवावें, सांगणाऱ्यानें सोन्याच्या आसनावर बसावें, त्यास सहस्र गाई आणि होकार देणाऱ्यास शंभर गाई द्याव्या, असा विधि तेथेंच सांगितला आहे. एकाच आख्यानाचें वेतन वैदिक काळांत सहस्र गाई आणि गिरगांवांतील दिवसांत माणशीं तीन आणे, ही तुलना सहज मनांत आली म्हणून नोंदविली. गाई देणारा यजमान मात्र एकच असे.

सत्यवादी हरिश्चंद्र भेटतो तो मार्कंडेय पुराणाच्या सातव्या-आठव्या अध्यायांत. मृगयेस गेलेल्या राजास स्त्रियांचा आक्रोश ऐकूं येतो. त्या स्त्रिया म्हणजे विश्वामित्र तपानें वश करूं पाहत असलेल्या विद्या. पुढें राज्यदान, दक्षिणेसाठीं वाराणसींत स्त्रीपुत्रांची व स्वतःची विक्री, चांडाळाचें दास्य, सर्पदंशानें मुलाचा मृत्यु, आणि अखेर धर्म-इंद्रांचें प्रकट होणें, असा क्रम आहे. राणीचें नांव शैब्या. तारामती हें नांव या पुराणांत नाहीं, दशम शतकाच्या सुमारास झालेल्या क्षेमीश्वराच्या 'चंडकौशिक' नाटकांतहि नाहीं. तें देशी आख्यानांचें देणें आहे. मराठींत मुक्तेश्वरानें हरिश्चंद्राख्यान रचलें, व कीर्तनकारांनीं तें घरोघर नेलें.

चित्रपटांतील पहिल्या रिळाचा प्रसंग या परंपरेंत नेमका कोठें बसतो, तें पाहण्यासारखें आहे. पडद्यावर विश्वामित्र यज्ञ करीत आहे, कुंडांतील ज्वाळांत तीन शक्ति स्त्रीरूपानें तडफडत आहेत, आणि राजा त्यांस सोडवितो. मार्कंडेय पुराणांत आक्रोश आहे, ज्वाळा नाहींत. ज्वाळा आहेत त्या चंडकौशिकांत: तेथें कौशिक होम करीत असून अग्नींत स्त्रीची आहुति पडते आहे असें वाटून राजा मध्यें पडतो. आतां शेवटचें रीळ घ्या. तारामतीवर वधाचा आरोप येतो आणि तिचा शिरच्छेद करण्याची आज्ञा प्रत्यक्ष हरिश्चंद्रास होते. तो तलवार उगारतो, इतक्यांत शंकर प्रकट होतात. हा प्रसंग मार्कंडेय पुराणांत नाहीं व चंडकौशिकांतहि नाहीं. त्याचें बीज देवीभागवताच्या सातव्या स्कंधांत आहे, जेथें मेलेल्या मुलाजवळ बसलेल्या राणीस लोक बालघातिनी ठरवितात व चांडाळ आपल्या दासास तिला मारण्याची आज्ञा करतो. म्हणजे आरंभ नाटकाचा, शेवट उपपुराणाचा, आणि नायिकेचें नांव मराठी कथेकऱ्यांचें. अशा पाठास आपण पोथ्यांच्या भाषेंत संमिश्र पाठ म्हणतों.

हें मिश्रण फाळक्यांनीं पोथ्या पुढें मांडून केलें असें आम्ही म्हणत नाहीं. नाटकमंडळ्यांनीं व कीर्तनकारांनीं तें आधींच शिजवून ठेवलें होतें. गुजराथी, हिंदी, उर्दू रंगभूमीवर हरिश्चंद्राचीं नाटकें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गाजत होतीं, आणि गांधीजींनीं बालपणीं पाहिलेल्या अशाच एका नाटकाचा परिणाम आत्मचरित्रांत सांगितला आहे. कर्त्याची निवड दिसते ती निराळ्या ठिकाणीं. ज्या प्रसंगांत रंगभूमीचे हात बांधलेले होते, नेमके ते त्यानें मोठे केले. ज्वाळांतील तीन स्त्रिया नाटकांत नेपथ्यांतून ओरडतात. चित्रपटांत त्या दिसतात आणि दिसेनाशा होतात. शंकराचें प्रकट होणेंहि तसेंच. एका फितीवर दोनदां चित्र घेण्याची युक्ति ज्याच्या हातीं आली, त्यास पुराणांतले चमत्कार हा अडथळा न राहतां भांडवल झालें. उलट ज्या भागांत वाणीचा विस्तार आहे, तो त्यानें मजकुराच्या पाट्यांवर सोपविला. त्या पाट्या इंग्रजी व हिंदी अशा दोन भाषांत आहेत.

शंकराच्या प्रवेशाविषयीं एक बारकावा सांगण्यासारखा आहे. मार्कंडेय पुराणांत सर्व पृथ्वी दान दिल्यावर राजा वाराणसीसच कां जातो, याचें कारण दिलें आहे: ती नगरी मनुष्याच्या भोगाची नसून शूलपाणीची आहे, म्हणून दान दिलेल्या पृथ्वींत ती मोडत नाहीं. राजा अशा रीतीनें शंकराच्या आश्रयास जातो. परंतु शेवटीं त्यास सोडविण्यास पुराणकार शंकरास आणीत नाहींत. चित्रपटांत आणिलें आहे. ज्याच्या गांवांत आश्रय घेतला त्यानेंच अखेरीस हात धरावा, ही जुळणी आम्हांस पुराणापेक्षां सरस वाटते. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या शास्त्रीपुत्रास ती सुचली असल्यास नवल नाहीं, आणि एखाद्या कीर्तनकाराकडून मिळाली असल्यास ती ओळखून ठेवल्याचें श्रेय तरी त्याचेंच आहे.

पहिल्याच प्रवेशांत राजा पुत्रास धनुर्विद्या शिकवीत आहे व राणी जवळ उभी आहे. याची ठेवण रविवर्म्याच्या चित्रांची आहे. लोणावळ्याच्या छापखान्यांत घालविलेले दिवस तेथें पडद्यावर उतरले आहेत. चित्रकथ्याची पोथी, रविवर्म्याचा शिळाछाप आणि फाळक्यांची फीत यांस एका रांगेंत ठेवून पाहिल्यावांचून यांतील कोणत्याहि एकाचें मोल नीट ठरणार नाहीं.

फाळक्यांपुढची परंपरा थोडक्यांत. १९३२ सालीं प्रभात कंपनीनें मराठीचा पहिला बोलपट काढला, तो व्ही. शांताराम यांचा 'अयोध्येचा राजा'. त्यांत गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गा खोटे तारामती. म्हणजे मूकपटाचा व मराठी बोलपटाचा, दोहोंचा शुभारंभ एकाच आख्यानानें झाला. स्वतः फाळके १९१९ नंतर आपल्याच हिंदुस्थान कंपनींतून बाहेर पडून काशीस गेले आणि तेथें त्यांनीं 'रंगभूमि' हें नाटक लिहिलें. राज्यत्याग केलेल्या राजाच्याच गांवीं जाऊन. ते पुढें परत आले, १९३७ सालीं कोल्हापुरास 'गंगावतरण' हा बोलपटहि केला, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिकास वारले. कन्या मंदाकिनी हिनें कृष्णाची भूमिका केलेल्या त्यांच्या 'कालियामर्दना'चा (१९१९) बराच भाग सुदैवानें शिल्लक आहे. 'लंकादहन' व 'श्रीकृष्णजन्म' यांचे तुकडे तेवढे आहेत.

बाकीचे गेले कोठें, याचें उत्तर रासायनिक आहे. त्या काळची फीत नायट्रेटाची. ती जुनी होतां होतां स्वतःच कुजते: प्रथम पिवळी पडते, मग चिकट होते, मग तिचा गोळा होतो, अखेरीस भुकटी. उष्णतेनें आपोआप पेटते आणि पेटल्यावर पाण्यानेंहि विझत नाहीं. शिवाय तीत चांदी असते, आणि खेळ थांबलेल्या चित्रपटाची चांदी काढून घेणारे व्यापारी सर्वत्र होते. हिंदुस्थानांत तेराशेंच्या घरांत मूकपट निघाले. पूर्ण-अपूर्ण सर्व धरून आज त्यांतले चाळीसहि दाखवितां येत नाहींत. कृष्णेच्या कांठच्या ओल्या वाड्यांतूनहि दफ्तरें यापेक्षां चांगलीं वांचलीं. १८९८ सालीं राजवाडे यांनीं वाईस सांपडलेले कागद छापून पहिला खंड काढला, तेव्हां ते कागद शतकाहून अधिक जुने होते व वाचतां येत होते. १९१३ ची फीत पन्नास वर्षेंहि थांबली नाहीं.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं निघालें, आणि पी. के. नायर या गृहस्थांनीं १९९१ सालीं निवृत्त होईपर्यंत गांवोगांव फिरून जें मिळेल तें आणलें. त्यांची पद्धति राजवाड्यांच्याच कुळांतली होती: मनुष्य शोधावा, त्याच्या घरीं जाऊन बसावें, आणि पेटींत काय आहे तें पाहिल्याशिवाय उठूं नये. फाळके यांचे जे चित्रपट आज अल्पस्वल्प दिसतात, त्यांचें मोठें श्रेय त्यांस आहे. ते २०१६ सालीं पुण्यास निवर्तले. परंतु ८ जानेवारी २००३ रोजीं, प्रभात कंपनीच्याच जुन्या आवारांत, संग्रहालयाच्या नायट्रेट फिती ठेवलेल्या कोठीस आग लागली आणि प्रभातच्या मूळ फितींसह पुष्कळ संग्रह जळाला. ज्यांच्या प्रती आधीं काढून झाल्या होत्या, ते चित्रपट प्रतिरूपानें राहिले. २०२२ सालीं संग्रहालयाचें काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे सोंपविण्यांत आलें.

आम्हांस मंडळाच्या सभासदांकडून चित्रपटाच्या फितीची फारशी अपेक्षा नाहीं. ती कोणाकडे असलीच तर एव्हांना भुकटी झालेली असेल. अपेक्षा आहे ती कागदाची. हा चित्रपट १९१३ ते १९१७ पर्यंत गांवोगांव दाखविला गेला. त्याचीं हस्तपत्रकें, कथासार सांगणाऱ्या चोपड्या, तिकिटें, नाट्यगृहांच्या रोजकीर्दी, नगरपालिकांचे परवाने, छापखान्यांच्या वहींतील नोंदी, नाशिक-पुण्याकडील खाजगी पत्रव्यवहार, यांपैकीं कांहींना कांहीं कोणाच्या तरी दफ्तरांत बखरींच्या खालीं पडलेलें असणार. १९१३ च्या कथासाराची एक चोपडी जरी मिळाली, तरी त्यांतला प्रवेशांचा अनुक्रम उपलब्ध रिळांशीं ताडून पाहतां येईल, आणि पहिला व दुसरा पाठ यांत भेद कोठें आहे तें प्रथमच समजेल. ज्वाळांतील तीन स्त्रिया पहिल्या पाठांत होत्या कीं नाहींत? शंकर होते, कीं पुराणाप्रमाणें धर्म व इंद्र होते? हे दोन प्रश्न तेवढ्या एका कागदानें सुटतील. तारीख नसलेलें हस्तपत्रकहि टाकून देऊं नये. नाट्यगृहाचें नांव, तिकिटाचा दर व छापखान्याची ओळ यांवरून तें बसवितां येतें.

आणि एखाद्यास पत्र्याच्या गोल डब्यांत फीत सांपडलीच, तर डबा उन्हांत नेऊं नये, दिव्याजवळ उघडूं नये, वास उग्र येत असल्यास मुळींच उघडूं नये, आणि थंड जागीं निराळा ठेवून संग्रहालयास पत्र लिहावें. डब्यावरील चिठ्ठी सुटी झाली असेल तर ती त्याच डब्यास दोऱ्यानें बांधून ठेवावी.